घाटात चेन घसरते, म्हणून सगळे गियर बदलायचे का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला तो नीट कळला का हे तुम्हालाही पडताळता येईल. तुम्ही बीडचे, वय ४३, वजन ८२ किलो. तीन वर्षांपूर्वी घेतलेली २१ गियरची हायब्रिड सायकल आहे, टायर ७०० × ३५ चे, वायरने चालणारे डिस्क ब्रेक. पुढे ४८, ३८ आणि २८ दात्यांच्या तीन चकत्या, मागे सात. महिन्यापूर्वी जुनी चेन तुटली, दुकानातून नवी टाकली, आणि तेव्हापासून मागच्या तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या गियरवर जोर लावला की चेन कटकन घसरते. मांजरसुंब्याचा घाट आधीच जड जायचा, आता तर पायडलवर उभे राहायची भीती वाटते. पुण्यातले एक सायकलस्वार त्यांचा वापरलेला नऊ गियरचा संच विकत आहेत: शिफ्टर (हँडलवरचा गियर बदलायचा खटका), मागचे डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग), ११ ते ३६ दात्यांची कॅसेट (मागच्या चकत्यांचा गठ्ठा) आणि ४२ दात्यांची एकच चकती असलेला क्रँक (पायडलचे दांडे). तुमच्याजवळ बारा हजार रुपये आहेत. हा जुना संच घ्यावा की थोडी भर घालून नवाच घ्यावा, असे तुम्ही विचारले आहे.

माझ्या मते सध्या दोन्ही घेऊ नका. तुमच्या सायकलीला एका मागच्या फ्रीव्हीलची, म्हणजे मागच्या सात चकत्यांच्या गठ्ठ्याची, गरज आहे, आणि तेवढ्याने तुमची दोन्ही दुखणी बरी होण्याची दाट शक्यता आहे. का, ते सविस्तर सांगतो.

मी संभाजीनगरला सायकल दुरुस्ती करतो. वडिलांचे तासाच्या भाड्याने सायकली देण्याचे दुकान होते, तिथे छर्रे पुसत आणि चाकाचा आऊट काढत शिकलो. गियरच्या सायकली आपल्याकडे सर्रास दिसू लागल्या त्याला फार वर्षे झाली नाहीत, आणि तेव्हापासून माझ्याकडे सगळ्यात जास्त ऐकू येणारे वाक्य हेच: "मिस्तरी, गियर लई घसरायलेत, सगळा सेटच बदलून टाका." दहातल्या सात-आठ वेळा सेट बदलायची गरज नसते.

तुमच्या प्रश्नात खरे तर दोन वेगळ्या अडचणी एकमेकींत गुंतल्या आहेत. चेन घसरते ही एक, आणि घाटात सर्वांत हलका गियरसुद्धा जड पडतो ही दुसरी. त्यांची कारणे वेगळी आहेत.

पहिली अडचण. चेन 'लांबते' असे आपण म्हणतो, पण लोखंड ताणले जात नाही. प्रत्येक पिन आणि तिच्याभोवतीचा भाग घासून झिजतो, आणि शंभराहून जास्त कड्यांमधली ती बारीक झीज एकत्र होऊन चेन लांब भरते. नव्या चेनमध्ये एका पिनेपासून पुढच्या पिनेपर्यंत बरोबर अर्धा इंच अंतर असते. ते वाढले की चेन चकतीच्या दात्यांवर थोडी वर चढून बसते आणि दात्यांना आपल्या मापाने घासत राहते. चेन आणि चकती दोन्ही सोबत झिजतात, म्हणून चालवणाऱ्याला काहीच जाणवत नाही. तुम्ही तीन वर्षे एकाच चेनवर सहा-सात हजार किलोमीटर केलेत. मग तिथे नवी, बरोबर अर्ध्या इंचाची चेन आली. तिचे रोलर झिजलेल्या दात्यांच्या तळाशी बसत नाहीत. जोर पडला की दात्याच्या उतारावरून वर सरकतात आणि पुढच्या दात्यावर उडी मारतात. तीच तुमची कटकन.

हे इतक्या खात्रीने म्हणतो कारण तुम्ही लिहिलेल्या खुणा तशा आहेत. घसरणे जोर लावल्यावरच होते, आणि नेमक्या त्याच तीन गियरवर होते जे तुम्ही रोज सपाट रस्त्यावर वापरता. पहिला-दुसरा घाटापुरता आणि सातवा उतारापुरता, म्हणून त्या चकत्या अजून शाबूत आहेत. वायर ढिली असती किंवा डिरेलर ज्यावर लटकते तो हँगर वाकलेला असता, तर खरखर जवळजवळ सगळ्याच गियरवर आली असती, जोर न लावताही. दुकानदाराने शिफ्टरजवळचा बॅरल, म्हणजे वायरचा ताण कमीजास्त करायची फिरकी, दोन-तीनदा फिरवून दिला आणि फरक पडला नाही, हेही जुळते.

तरी पैसे खर्च करण्याआधी तीन गोष्टी घरी पाहून घ्या, कारण मी सायकल डोळ्यांनी पाहिलेली नाही. चेन जिथे जोडली आहे ती कडी आखडलेली नाही ना? सायकल उभी करून पायडल उलटे फिरवा आणि डिरेलरच्या दोन छोट्या चाकांमधून जाताना कुठली कडी सरळ न होता टुणकन उडते का ते बघा. तसे असेल तर चेन दोन्ही हातांत धरून ती कडी आडवी, डावीकडे-उजवीकडे हलकी वाकवा, मोकळी होते. दुसरे, सायकलीच्या मागे बसून बघा: डिरेलरची दोन्ही चाके वरच्या चकतीच्या सरळ रेषेत खाली लोंबतात, की खालचे चाक स्पोककडे झुकले आहे? सायकल उजव्या कुशीवर पडली असेल तर हँगर हमखास वाकतो. तो सरळ करायचे हत्यार असते, अंदाजाने हाताने ओढू नका. अल्युमिनियम आहे, मोडतो. तिसरे, पुढची चकती बदलून पाहा. मागे चौथाच गियर ठेवून पुढे ३८ वरून ४८ वर घ्या. ४८ वर घसरणे थांबले तर दोष पुढच्या ३८ च्या चकतीत आहे. या दर्जाच्या क्रँकच्या चकत्या बहुधा रिव्हेट मारून बसवलेल्या असतात, सुटी चकती बदलता येत नाही, मग आख्खा क्रँक घ्यावा लागतो. पण दोन्हींवर घसरत असेल तर मागचेच.

इथून पुढे एक सवय लावून घ्या. बारा इंची स्टीलची पट्टी एका पिनेच्या मध्यावर ठेवायची. नव्या चेनमध्ये तिच्यापुढची चोविसावी पिन बरोबर बारा इंचांवर येते. ती एक-षोडशांश इंच, म्हणजे साधारण दीड मिलिमीटर पुढे गेली की चेन बदला. एक-अष्टमांश इंच, म्हणजे तीन मिलिमीटर पुढे गेली असेल तर बहुतेक वेळा मागच्या चकत्याही गेलेल्या असतात. वेळेवर बदललेल्या दोन-तीन चेनमागे एक फ्रीव्हील टिकतो. हे मी माझ्या प्रत्येक गिऱ्हाईकाला पट्टी हातात देऊन शिकवतो, कारण गियरच्या सायकलीवरचा निम्मा खर्च इथेच वाचतो.

आता घाट. इथे थोडे गणित करू, कारण पुण्याचा संच घ्यावा की नाही हे या गणितातच ठरते.

तुमचा सर्वांत हलका गियर म्हणजे पुढे २८ आणि मागे २८. पायडलच्या एका फेऱ्यात चाकाचा एक फेरा. ७०० × ३५ च्या चाकाचा घेर साधारण २.१७ मीटर, म्हणजे पायडल एकदा फिरवले की तुम्ही तेवढे पुढे जाता. मिनिटाला ६० फेरे मारले तर वेग ताशी ७.८ किलोमीटर. ८२ किलोचा माणूस, पंधरा किलोची सायकल आणि अंगावर येणारा चढ असेल तर हा वेग टिकवणे कठीण जाते. मग पायाचे फेरे ४० वर येतात, गुडघे धरतात. यात तुमची ताकद कमी आहे असे काही नाही, तुमचा गियरच जड आहे.

पुण्याच्या संचात पुढे ४२, मागे मोठ्यात मोठी ३६. ४२ भागिले ३६ म्हणजे १.१७. एका फेऱ्यात अडीच मीटरच्या वर. नऊ गियर आले, मागे थाळीएवढी चकती दिसते, पण घाटात तुमचा सर्वांत हलका गियर आजच्यापेक्षा १७ टक्के जड झाला. पुढे एकच चकती असलेल्या सायकलींचे सध्या सगळ्यांना आकर्षण आहे आणि त्यात सोय आहेच: डाव्या हाताचा शिफ्टर गेला, पुढची चेन उतरण्याची कटकट गेली. सपाट रस्त्यावर चालवणाऱ्याला ते शोभते. बालाघाटाच्या कुशीत राहून घाट चढणाऱ्याला ४२ ची एकच चकती मी देणार नाही.

आणि आता फ्रीव्हील. सात गियरचेच १४ ते ३४ दात्यांचे फ्रीव्हील मिळते. शिमानोच्या अशा फ्रीव्हीलमध्ये १४, १६, १८, २०, २२, २४ आणि मग एकदम ३४ अशा चकत्या असतात. २८ भागिले ३४ म्हणजे ०.८२. एका फेऱ्यात १.७९ मीटर, ६० फेऱ्यांना ताशी साडेसहा किलोमीटरच्या जरा खाली. आजच्यापेक्षा १८ टक्के हलके. तुमचाच शिफ्टर, तुमचीच नवी चेन. एक उणेपण स्पष्ट सांगतो: २४ वरून ३४ ची उडी मोठी आहे. घाटात ऐन चढावर ती घेतली तर पाय क्षणभर रिकामे फिरल्यासारखे वाटते, म्हणून चढ अंगावर यायच्या आधीच गियर टाकायची सवय करावी लागते. मला स्वतःला खुलताबादहून म्हैसमाळ चढताना ही उडी सलते. तरी न उतरता वर पोचणे महत्त्वाचे असेल तर ती सोसावी.

घेण्याआधी डिरेलर बघा. त्याचा पिंजरा, म्हणजे दोन छोट्या चाकांमधला लांब भाग, लांब जातीचा हवा; २१ गियरच्या सायकलींवर बहुधा तसाच असतो. आणि चेनची लांबी तपासा: चेन डिरेलरमधून न घेता पुढच्या सर्वांत मोठ्या आणि मागच्या सर्वांत मोठ्या चकतीवरून गुंडाळा, जिथे टोके जुळतात त्याच्यापुढे एक इंच जास्त हवी. तुमची चेन २८ च्या मापाने कापलेली असेल तर ३४ ला आखूड पडू शकते. आखूड चेनने मोठी-मोठी चकती टाकली तर डिरेलर फाटतो, म्हणून हे तपासल्याशिवाय रस्त्यावर जाऊ नका.

पुण्याचा संच न घेण्याचे दुसरे कारण गणिताहून मोठे आहे: ती कॅसेट तुमच्या चाकावर बसणारच नाही.

मागच्या चकत्यांचे दोन प्रकार. फ्रीव्हीलमध्ये मागे फिरण्याची यंत्रणा, म्हणजे पायडल थांबले तरी चाक फिरू देणारी, चकत्यांच्या गठ्ठ्यातच असते आणि तो आख्खा गठ्ठा हबवरच्या (चाकाच्या मधल्या तुंब्यावरच्या) आट्यांवर फिरवून बसवतात. कॅसेट म्हणजे नुसत्या चकत्या. मागे फिरण्याची यंत्रणा हबचा भाग असते, तिला फ्रीहब म्हणतात, आणि चकत्या तिच्या खाचांवर सरकवून वरून रिंगने आवळतात. ओळखायचे कसे? चकत्या उलट्या फिरवा आणि मध्यभागी, जिथे हत्यार बसते त्या खाचांकडे बघा. चकत्यांबरोबर खाचाही फिरल्या तर कॅसेट. चकत्या फिरतात पण खाचा जागच्या जागी राहतात, तर फ्रीव्हील. आणखी एक खूण, सर्वांत लहान चकतीचे दाते मोजा. १४ निघाले तर जवळजवळ नक्की फ्रीव्हील, ११ किंवा १२ निघाले तर बहुतेक कॅसेट. तुमच्या वर्णनावरून मला फ्रीव्हीलच वाटते.

काही वर्षांपूर्वी जालन्याहून एक तरुण खोके घेऊन माझ्याकडे आला होता. महिनाभराच्या पगारातून वाचवून त्याने असाच वापरलेला संच मागवला होता. सायकल उलटी केली आणि दोन मिनिटांत कळले की कॅसेट बसणार नाही. त्यासाठी नवे मागचे चाक, नऊच्या मापाची अरुंद चेन, आणि क्रँकसाठी वेगळ्या मापाचा बी.बी. सेट, म्हणजे क्रँक ज्यावर फिरतो तो एक्सल आणि छर्‍यांचा संच. सगळा हिशेब त्याच्या सायकलीच्या किमतीवर गेला. त्याचा चेहरा मला आजही आठवतो. विकणाऱ्याने फसवले नव्हते, भाग चांगले होते, पण विकत घेण्याआधी 'तुझा हब कोणता' एवढे त्याला कोणीच विचारले नव्हते. म्हणून मी आता फोनवर कुणी भागांचा सल्ला विचारला की आधी मागच्या चाकाचा फोटो मागतो.

तर बारा हजारांचे काय करायचे? फ्रीव्हीलला त्यातला लहान भाग लागेल. त्याच वेळी गियरच्या वायरी आणि आउटर, म्हणजे वायरवरचे आवरण, नवे टाका. तीन वर्षांत आउटरच्या तोंडाशी धूळ आणि गंज बसतोच, आणि शिफ्टर कडक होण्याचे बहुतेक कारण तेच. दुकानात एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघा: ब्रेकला ब्रेकचेच आउटर लागले पाहिजे. गियरच्या आउटरमध्ये तारा लांबीला सरळ असतात, ब्रेकच्या आउटरमध्ये पट्टी गोल गुंडाळलेली असते. गियरचे आउटर ब्रेकला लावले तर जोरात दाबल्यावर फाटू शकते, आणि घाटाच्या उतारावर त्याचा अर्थ काय होतो ते सांगायला नको. डिस्कचे पॅडही काढून बघा, आणि चेनला तेल स्प्रे करताना डिस्कवर कापड धरा. पॅडला एकदा तेल लागले की ते टाकूनच द्यावे लागतात.

उरलेल्यातला मोठा हिस्सा टायरवर घाला, हा माझा आग्रह आहे. आपल्याकडच्या रस्त्यांवर सायकलीचा खरा शत्रू काटा आहे. रस्त्याच्या कडेला वेडी बाभूळ, आणि पावसाळा सरला की वाळलेले सराटे. सराट्याची रचना अशी की तो कसाही पडला तरी एक काटा वर असतोच. मी दिवाळीनंतर एकेका ट्यूबमधून सात-आठ काटे काढले आहेत. आतून काटारोधक पट्टा असलेले टायर थोडे जड असतात, पण महिन्यातून चारदा रस्त्याकडेला बसून पंक्चर काढण्यापेक्षा ते परवडते. ट्यूबमध्ये सीलंट (पंक्चर आतून बुजवणारे द्रव) भरायचे असेल तर जिचा व्हॉल्व्ह खोलता येतो अशी ट्यूब घ्या, नाहीतर भरणार कुठून? हवा टायरच्या कडेला छापलेल्या मर्यादेतच ठेवा. तुमच्या वजनाला ३५ च्या टायरमध्ये ५५-६० पीएसआयपासून सुरुवात करून बघा, मागे थोडी जास्त, पुढे थोडी कमी.

पावसाळ्यात शेतरस्त्याने जाणे टाळा. काळी माती मडगार्ड आणि टायरमध्ये अशी भरते की चाक जागेवर थांबते, आणि तीच माती चेनमध्ये गेली की पॉलिश पेपरसारखी घासते. चेनला गाडीचे जळालेले ऑइल लावू नका, सगळी धूळ ओढून घेते. शिलाई मशीनचे तेल चालते, पण पातळ असल्याने पुन्हा पुन्हा लावावे लागते. काहीही लावले तरी अर्ध्या तासाने फडक्याने वरचे पुसून काढा. तेल रोलरच्या आत हवे, बाहेर नको.

आता प्रामाणिकपणे दुसरी बाजू. तुमच्या वजनाच्या माणसाने पुढेमागे फ्रीहबच्या चाकावर जावे असे माझेही मत आहे, पण कारण गियरची संख्या नाही. फ्रीव्हीलच्या हबमध्ये उजवीकडचे छर्रे चकत्यांच्या आत खूप खोल असतात, त्यामुळे एक्सलचे उजवे टोक बरेचसे आधाराविना राहते आणि खड्ड्यात आपटून वाकते, कधी मोडते. शिमानोच्या फ्रीहबमध्ये ते छर्रे बाहेरच्या टोकाला असतात, एक्सलला आधार मिळतो. तुमचे चाक काढून एक्सल हाताने फिरवा. टोक डुगडुगत गोल फिरत असेल तर एक्सल वाकला आहे, आणि मग फ्रीव्हीलवर पैसे न घालता थेट फ्रीहबचे मजबूत चाक बांधून घ्या. तसे केलेत तर आठ गियरची ११-३४ ची कॅसेट आणि आठचा शिफ्टर टाका. तुमची चेन चालेल, कारण सहा, सात, आठ गियरच्या चेनची रुंदी एकच. शिमानोचा मागचा डिरेलरही चालेल, सातपासून नऊपर्यंत त्यांची वायर ओढण्याची मापे सारखी आहेत.

वापरलेले भाग घेण्याला माझा विरोध नाही, मी स्वतः घेतो. शिफ्टर घ्या, पण सगळे टप्पे खाली-वर टाकून बघा. डिरेलर घ्या, पिंजरा हलवून खुळखुळत नाही ना ते बघा. सीट, कॅरिअर, पायडल, स्टँड बिनधास्त. सीटपोस्टवर माप कोरलेले असते, ते तुमच्याशी जुळवा, २७.२ च्या जागी ३०.९ बसत नाही. चेन कधीच वापरलेली घेऊ नका. अपघातात सापडलेल्या सायकलीचे हँडल किंवा स्टेम (हँडल धरून ठेवणारा भाग) घेऊ नका, आतली चीर दिसत नाही. आणि वापरलेले हेल्मेट कोणी फुकट दिले तरी नको.

पुण्याच्या त्या गृहस्थांना मात्र एक फोन जरूर करा आणि विचारा, ते सोबत मागचे चाकही देणार आहेत का. देणार असतील, हबची रुंदी १३५ मिलिमीटर असेल, तुमच्या डिस्कचे सहा बोल्ट त्या हबवर बसत असतील आणि त्यांच्या डिरेलरचा पिंजरा लांब असेल, तर माझे उत्तर बदलते. मग त्यांचा ४२ चा क्रँक तेवढा त्यांच्याकडेच राहू द्या, बाकीचे घ्या, नऊची नवी चेन टाका आणि पुढे तुमच्या तीन चकत्या तशाच ठेवा. २८ ला ३६ म्हणजे ०.७८, फ्रीव्हीलपेक्षाही हलके, आणि मधल्या पायऱ्या जवळजवळ. त्यांनी हो म्हटले तर हबवर छापलेला क्रमांक आणि चाकाचा उजव्या बाजूने काढलेला फोटो मला पाठवा, पैसे देण्याआधी.